किल्ला, किल्ली आणि परवलीचा शब्द

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगररांगेवर धारूर म्हणून गांव आहे. गांवाजवळच्या किल्ल्याला तिन्ही बाजूंनीं खोल दऱ्या असून चौथ्या बाजूनें काय ती वाट आहे. विजापूरकरांचा सरदार किश्वरखान यानें १५६७ च्या सुमारास तो बांधला. थोड्याच काळांत अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहानें तो त्याच्यापासून हिसकावून घेतला. आणि पुढें १६३१ सालीं शहाजहानचा सरदार आझमखान यानें तो मोगलांच्या पदरांत टाकला. इतक्या वेळां हा किल्ला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेला, परंतु दरवाज्याच्या कुलपाला चोरकिल्ली लावून तो कोणी घेतला, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. बंदिस्त जागा फुटते ती बहुधा कुलपापाशीं नव्हे, दुसरीकडेच.

त्याच धारूरच्या घाटानें आज रात्रंदिवस वाहनें चढतात नि उतरतात. बीड शहरांत रेल्वेगाडी आली ती २०२५ सालीं. तोंपर्यंत, आणि बऱ्याच अंशीं त्यानंतरहि, या शहराचें जाणें-येणें म्हणजे रस्ता. लग्नाचें वऱ्हाड, बाजाराला निघालेले शेतकरी, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाकडे न्यावयाचा रोगी, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं परमुलखांत निघणारीं कुटुंबें, या सर्वांची भिस्त व्हॅनवर, जीपवर, नाहीं तर टेंपोवर. अशा एखाद्या व्हॅनची किल्ली ऐन मध्यरात्रीं फिरत नाहीं, किंवा फिरते पण इंजिन कांहीं केल्या धरत नाहीं, असा प्रसंग आला म्हणजे भोंवतीं जमलेल्या मंडळींच्या तोंडून एकच निदान बाहेर पडतें: किल्ली बिघडली. दहांपैकीं निम्म्या वेळां तरी हें निदान चूक ठरत असावें. कारण व्हॅनचें कुलूप हें एक कुलूप नव्हेच. निरनिराळ्या काळीं निघालेलीं चार बंधनें तिच्यांत एकावर एक रचलेलीं आहेत आणि त्या चारांना मिळून एकच किल्ली दिलेली आहे. त्यांपैकीं कोणत्या काळचें बंधन अडून बसलें आहे हें ओळखणें, हीच दुरुस्तीची पहिली पायरी.

प्रथम शब्दांकडे पाहावें. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’ या शब्दाचा मराठी अवतार आहे. जिभेच्या सोयीसाठीं अक्षरांनीं आपापल्या जागा बदलल्या, इतकेंच. ‘चावी’ ही पोर्तुगीजांनीं कोंकण किनाऱ्यावर उतरविली. ‘किल्ली’चें नातें संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी या शब्दाशीं लावतात. किल्ल्याशीं मात्र तिचें नातें नाहीं. किल्ला अरबी ‘कल्आ’पासून आलेला, आणि दोघांचें साम्य केवळ कानाला वाटणारें. मराठी घराच्या दाराशीं असे तीन-चार भाषांचे पाहुणे आज कित्येक शतकें एकत्र नांदत आले आहेत.

किल्लीच्या पोटांत खुंटी आहे, हें शास्त्रदृष्ट्याहि खोटें नाहीं. प्राचीन मिसर देशांतील लांकडी कुलपांत अडसराला भोंकें पाडलेलीं असत आणि वरून खुंट्या स्वतःच्या वजनानें त्या भोंकांत पडत. दांतवणाच्या ब्रशासारखी एक लांबट लांकडी किल्ली आंत सारून वर उचलली कीं सर्व खुंट्या एकदम उचलल्या जात आणि अडसर सरके. अमेरिकेंतील लायनस येल यानें १८६१ च्या सुमारास हीच कल्पना पितळेच्या लहानशा नळकांड्यांत बसविली, आणि तेव्हांपासून घरोघरची चपटी, दांतेरी किल्ली अस्तित्वांत आली. मोटारीच्या दारांत खुंट्यांऐवजीं धातूचीं पातळ पातीं असतात, तत्त्व तेंच. प्रत्येक पातें नेमक्या उंचीवर आलें पाहिजे. एक जरी केसभर वर-खालीं राहिलें, तरी नळकांडें फिरत नाहीं.

या दोन टोकांच्या मधला इतिहास मोठा रंजक आहे. १८१७ सालीं इंग्लंडांतील पोर्ट्समथच्या सरकारी गोदींत बनावट किल्ल्यांनीं चोरी झाली, तेव्हां सरकारनें न फुटणाऱ्या कुलपासाठीं बक्षीस लावलें. पुढच्याच वर्षीं जेरेमाया चब या कारागिरानें एक कुलूप काढलें. त्यांत परकी किल्ली घातली कीं एक पट्टी उचलून अडके, आणि मग खरी किल्लीहि सरळ चालत नसे. आधीं कुलूप पूर्ववत् करावें लागे. मालकाला अर्थातच कळे कीं आपल्या पाठीमागें कोणी तरी हात घालून गेला. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा या दुसऱ्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप टांगलेलें असे आणि तें उघडून दाखविणारास २०० गिनी देण्याचें आव्हान त्यावर लिहिलेलें होतें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं ए. सी. हॉब्स नांवाचा अमेरिकन आला. त्यानें चबचें कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडलें, आणि ब्रामाचें कुलूप सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलें. इंग्रज गृहस्थांची झोंप उडाली म्हणतात, आणि तें खोटें नसावें. कारण त्या दिवसापर्यंत आपली तिजोरी अभेद्य आहे या समजुतीवरच ते निजत असत.

आपल्याकडे हा धंदा नव्या पद्धतीनें मांडला तो आर्देशीर गोदरेज यांनीं. ते वकिलीचें शिक्षण घेतलेले, पण त्या व्यवसायांत न रमलेले. शस्त्रक्रियेचीं हत्यारें बनविण्याचा पहिला उद्योग फसल्यावर मुंबईंतील घरफोड्यांच्या बातम्या त्यांच्या वाचनांत आल्या आणि १८९७ सालीं लालबागेंतील एका पडवींत त्यांनीं कुलपें बनविण्यास प्रारंभ केला. १९३६ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें नांव आणि ‘कुलूप’ हा शब्द मराठी घरांत जवळजवळ समानार्थी झाले होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखों मतपेट्या त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. म्हणजे प्रजेचें मतहि प्रथम कुलपाच्या कारागिरानेंच जपलें.

आतां व्हॅनच्या दाराकडे. किल्ली आंत जाते पण फिरत नाहीं, असें झालें तर दोष बहुधा या पहिल्या, मिसरी काळच्या बंधनांत असतो. बीडकडची उन्हाळ्याची धूळ मैद्यासारखी बारीक. ती किल्लीच्या भोंकांत शिरून पातीं जड करते. अशा वेळीं हाताशीं असलेलें तेल ओतण्याची जी सार्वत्रिक हौस आहे, तिच्यानें दोन दिवस बरें वाटतें आणि तिसऱ्या दिवशीं धूळ व तेल मिळून आंत चिखल होतो. ग्राफाइटची, म्हणजे शिसपेन्सिलींतील काळ्या गाभ्याची, कोरडी पूड यापेक्षां कितीतरी गुणकारी. दुसरें कारण किल्लीच्या वंशावळींत सांपडतें. मूळ किल्ली हरवली म्हणून दुसरीवरून तिसरी कापली, तिसरी झिजल्यावर तिच्यावरून चौथी. प्रत्येक पिढींत कानशीचा थोडा थोडा प्रमाद मिसळत गेला आणि शेवटीं जी किल्ली हातांत राहिली ती मूळ कुलपाची दूरची नातलग. नवी गाडी घेतांना बहुधा किल्लीबरोबर तिचा आंकडा कोरलेली लहानशी पट्टी मिळते. त्या आंकड्यावरून मूळ मापाची किल्ली पुन्हां कापतां येते. परंतु ती पट्टी शेवटीं कोणी पाहिली, हें बहुतेक घरांत कोणालाच आठवत नाहीं.

दुसरें बंधन तर अस्सल गढी-किल्ल्यांतलें. जुन्या किल्ल्याच्या दरवाज्यांत उभें राहून बाजूच्या भिंतींत पाहिलें, तर चौकोनी खोल भोंकें दिसतात. त्यांतून जाडजूड लांकडी आगळ आडवी सारली कीं दरवाजा बाहेरून हत्तीलाहि हालत नसे. त्या काळीं दाराचें खरें बळ कुलपांत नसून या आगळींत होतें. मोटारीच्या चाकाला अशी आगळ घालण्याचा विचार फार उशीरां रूढ झाला. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९६९ च्या गाड्यांना ती बसविली, आणि मग ती बहुतेक सर्वत्र आली. किल्ली काढून घेतली आणि सुकाणूचें चाक जरा फिरलें, कीं त्याच्या दांड्याच्या खांचेंत एक पोलादी खुंट येऊन बसतो. गाडी उतारावर किंवा चाकें वळवून उभी केली असेल तर त्या खुंटावर सारा ताण पडतो आणि किल्ली जागची हालत नाहीं. घाबरलेला मनुष्य अशा वेळीं पक्कड मागवितो, जोर करतो आणि किल्लीचें अर्धें पातें कुलपांत ठेवून अर्धें हातांत घेऊन उभा राहतो. वास्तविक डाव्या हातानें सुकाणूचें चाक किंचित् डावी-उजवीकडे हालवीत उजव्या हातानें किल्ली हलकेच फिरविली, तर बहुतेक वेळां तें बंधन तेवढ्यानेंच सुटतें. आगळ काढतांनाहि दाराला आधीं आंतून रेटा द्यावा लागे, हें वाड्यांत वाढलेल्या जुन्या माणसांस सांगावयास नको.

तिसरें बंधन विजेचें. प्रारंभींच्या मोटारी दांडा फिरवून चालूं कराव्या लागत; तो उलट फिरला तर मनगट मोडे, म्हणून मोटार चालविणें हा कांहीं अंशीं पहिलवानीचा धंदा होता. चार्ल्स केटरिंग यानें काढलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत बसला आणि ही अडचण गेली. पुढें १९४९ सालीं क्रायस्लर कंपनीनें नुसती किल्ली फिरवून इंजिन चालूं करण्याची सोय आणली. म्हणजे मोटारीच्या किल्लीचें जें काम आज सर्वांना स्वाभाविक वाटतें, तें हैदराबाद संस्थानांतला बीड जिल्हा भारतांत सामील झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीं जन्मलेलें आहे. या बंधनांतला बिघाड कानानें ओळखतां येतो. किल्ली फिरविली असतां नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि दिवे मंदावतात, तेव्हां किल्ली निर्दोष असून बॅटरी उतरलेली असते, नाहीं तर तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट कीट चढलेलें असतें. गिअरची साधी गाडी असेल तर चौघांनीं धक्का दिल्यावर ती चालूं होते. मराठवाड्यांतल्या रस्त्यांवर धक्का मागणाऱ्याला नकार मिळाल्याचें क्वचितच ऐकूं येतें.

परंतु कधीं कधीं चौघांनीं काय, अख्ख्या गांवानें धक्का दिला तरी गाडी दाद देत नाहीं. स्टार्टर जोमानें फिरतो, बॅटरी ताजी आहे, डिझेल भरपूर आहे; इंजिन क्षणभर धरतें आणि विझतें, किंवा धरतच नाहीं; आणि समोरच्या पाटीवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा एक लहान दिवा मिचमिचत राहतो. येथें लोखंडाचा संबंध संपला. हें चौथें बंधन आहे, आणि त्याचें मूळ शोधावयाचें तर लोहाराच्या भट्टीकडे न जातां किल्ल्याच्या पहाऱ्याकडे जावें लागतें.

शिवकाळीं गडाच्या दरवाज्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यांत असत. तिन्हीसांजा दरवाजे बंद करावयाचे, पहाटे उघडावयाचे, हें त्याचें काम. रायगडच्या हिरकणीची दंतकथा याच नियमावर उभी आहे. तथापि गड एकट्या हवालदाराच्या हवालीं कधींच नसे. सबनीस आणि सरनोबत त्याच्या जोडीला बरोबरीनें नेमलेले असत, आणि कोठाराकडे पाहणारा कारखानीस वेगळा. उद्देश उघड आहे: एक मनुष्य फितला तरी गड जाऊं नये. याखेरीज रात्रीच्या पहाऱ्याला परवलीचा शब्द असे. अंधारांतून येणाऱ्याला पहारेकरी हटकी. उत्तर बरोबर आलें तर वाट, नाहीं तर भाला. ओळखीचा चेहरा, सरदारी पोशाख, हातांतली किल्ली, यांपैकीं कशाचाहि तेथें उपयोग नव्हता. सरकारी खजिन्याच्या खोलीला दोन कुलपें लावून त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे ठेवण्याची जी रीत पुढें आली, ती याच शहाणपणाची धाकटी बहीण.

मोटारीला असा पहारेकरी नेमण्याचा पहिला नांव घेण्यासारखा प्रयत्न १९८६ च्या कॉर्व्हेट गाडींत झाला. किल्लीच्या पात्यांत विजेला अडथळा करणारी एक गोळी बसविली. पंधरा निरनिराळ्या मापांपैकीं योग्य मापाची गोळी असेल तरच गाडी चाले. पंधराच शब्द असलेली परवली फार दिवस टिकणारी नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत किल्लीच्या काळ्या मुठींत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप आली. तिला स्वतःची बॅटरी नाहीं. किल्लीच्या भोंकाभोंवतीं तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून येणाऱ्या चुंबकीय लहरींवरच ती जागी होते, आपली खूण सांगते आणि पुन्हां निजते. खूण पटली तर इंजिनाचा नियंत्रक इंधन सोडतो. अलीकडच्या गाड्यांत तर पहारेकरी दर वेळीं नवा प्रश्न विचारतो आणि किल्ली गुपित सूत्रानें त्याचें उत्तर काढून देते, त्यामुळें एकदां ऐकलेलें उत्तर चोराला दुसऱ्यांदा कामास येत नाहीं. या योजनेस इमोबिलायझर म्हणतात. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. हॉलंडमधील चोऱ्यांच्या आंकड्यांचा अभ्यास करून २०१६ सालीं दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं १९९५ ते २००८ या काळांत तिच्यामुळें मोटारचोरी सुमारें ४० टक्क्यांनीं उतरली. चोर अर्थात् स्वस्थ बसलेला नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा चिपेच्या एका जातीचें गुपित उकलून दाखविलें, तेव्हां हॉब्सची आठवण अनेकांना झाली असेल.

भारतांत १९८४ सालीं आलेली आणि २०१९ पर्यंत निघत राहिलेली मारुतीची व्हॅन आरंभीं या भानगडीपासून मुक्त होती. त्यामुळेंच कीं काय, हिंदी चित्रपटांतल्या पळवापळवींत तिला कायमची भूमिका मिळाली. तिचें बंधन बिघडलें तर चौकांतला किल्लीवाला कानस नि चिमटा घेऊन येई आणि अर्ध्या तासांत मोकळा होई. चिपेची किल्ली आल्यावर त्याच्या कसबाला एक कुंपण पडलें. दांते तो आजहि हुबेहूब कापून देतो. दार उघडतें, सुकाणू सुटतें, स्टार्टर फिरतो. पण परवलीचा शब्द कानशीनें कापतां येत नाहीं. तो गाडीच्या नियंत्रकाला नव्यानें शिकवावा लागतो, आणि त्यासाठीं वेगळें यंत्र, कंपनीचा संकेत व मालकीचे कागद लागतात. हीं यंत्रें घेतलेले कांहीं किल्लीवाले आतां मोठ्या शहरांतून दिसूं लागले आहेत. आडगांवीं बंद पडलेल्या गाडीला मात्र मोठी गाडी बोलावून शहराकडे ओढून न्यावें लागतें. ज्याची मिळकत त्याला ती स्वतः उघडतां न यावी, हा प्रकार किल्लेदारांच्या काळींहि नव्हता असें नाहीं. पण तेव्हां दाराआड निदान ओरडून बोलावण्यासारखा मनुष्य असे.

तरीहि शहराकडे धांव घेण्यापूर्वीं कांहीं साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. एकाच कडींत दोन चिपांच्या किल्ल्या असल्या तर दोघी एकदम बोलतात आणि पहारेकऱ्याला कांहींच नीट ऐकूं येत नाहीं; दुसरी किल्ली दूर ठेवून पाहावी. जाड धातूची कडी किंवा झुबकाहि आवाज दाबतो. दार दुरून उघडणारी कळ चालेनाशी झाली म्हणून इंजिन अडलें, असेंहि समजूं नये; त्या कळीला वेगळी लहान बॅटरी असते आणि चिपेचा तिच्याशीं संबंध नसतो. गाडीची मुख्य बॅटरी फार उतरली असतां पहारेकरीहि गोंधळतो. ती भरून, किल्ली काढून, थोडें थांबून पुन्हां लावावी. आणि सर्वांत हंसूं आणणारा, पण नेहमीं घडणारा प्रकार असा कीं किल्लीची मूठ फुटली म्हणून बाजारांतून नवी सुबक मूठ बसवून घेतात, जुनी फेंकून देतात, आणि तांदळाएवढी ती चिप जुन्या मुठीबरोबर उकिरड्यावर जाते. किल्ली पूर्वीपेक्षां चकचकीत दिसते, दारहि उघडतें, आणि गाडी मुकी होते. अशा वेळीं जुनी मूठ शोधून काढून नव्या किल्लीशेजारीं धरली, तर पुष्कळ गाड्या चालूं होतात.

हें सर्व करूनहि दिवा मिचमिचत राहिला, तर गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली लावून पाहावी. ती चालली तर दोष पहिल्या किल्लींत. तीहि न चालली तर दोष वेटोळ्यांत किंवा नियंत्रकांत, आणि मग कारागिराला बोलावल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही दुसरी किल्ली बहुतेक घरांत कपाटाच्या आंतल्या खणांत जपून ठेवलेली असते. कपाटाची किल्ली गाडीच्या पहिल्या किल्लीबरोबर एकाच जुडग्यांत अडकविण्याची चाल मात्र अजून पुष्कळ घरांत आहे.